रक्त पुसणारं यंत्र

तातेरावांच्या बैठकीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कुरुंदा गावात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झालेली. पोती घरात येऊन पडलेली. लोकांना जरा सवड मिळाली होती, आणि आमच्याकडे सवड मिळाली की काहीतरी अद्भुत बघायला हवं असतं.

खुर्चीवर विश्वंभर महाराज बसले होते. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर अष्टगंधाचा पट्टा, मागं त्यांचा उजवा हात म्हणून मिरवणारा गोपीचंद. हा गोपीचंद म्हणजे तातेरावांच्या बहिणीचा मुलगा, सख्खा भाचा. आणि समोर कोपऱ्यात, पांढऱ्या डब्याच्या पोटात शिरून बसलेलं ते फरशी पुसायचं यंत्र. घरातले त्याला कासव म्हणत. महाराजांनी त्याला बढती दिली होती.

"हे यंत्र न्हवं," महाराज डोळे मिटून म्हणाले. "प्रत्येक देवळात देवाच्या पुढं कासव असतंय, ते काहून असतंय? कूर्म हाय तो. कलियुगात त्यानं प्लास्टिकचा देह घेतला. ऊठ, कूर्मा."

यंत्र टिंग करून उठलं. बायांनी हात जोडले. ते बैठकीतून गरागरा फिरलं, सरळ धाकट्या सुनेच्या, पुनमच्या खोलीच्या दारात गेलं आणि थांबलं. मागं फरशीवर ओल्या पट्ट्याची वाट उमटली होती. लाल. मग ते मागं वळून आपल्या डब्यात शिरलं, गुरगुरलं, आपलं फडकं आपणच धुऊ लागलं. डब्याच्या टाकीत लालभडक पाणी चढू लागलं.

"पाणी न्हाई ते," महाराज म्हणाले. "रक्त हाय. या घरातलं एक लेकरू गेलं. आता दुसऱ्याला मागून राहिलंय. बाधा कुठं हाय ते कूर्मानं दाखवलं. अन् त्याच पलंगाखाली लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं हाय. जा, बघा."

सोमेश्वर, पुनमचा नवरा, आत गेला आणि खरंच एक लाल गाठोडं घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुनम भिंतीला टेकून उभी होती. महाराजांनी गाठोडं उघडू दिलं नाही. म्हणे उघडणाऱ्याचे डोळे जातील.

मी हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. मी जनकाबाई. गावात उपकेंद्रात नर्स म्हणून जन्म गेला, निवृत्त झाले तरी लोक सिस्टरच म्हणतात. संशय घेणं हा माझा धंदा होता. साधा ताप आला तरी आधी रक्त तपासायचं आणि मग गोळी द्यायची, ही सवय. त्यामुळं कुणी डोळे मिटून बोलायला लागलं की माझे जास्तच उघडतात.

आता पुनमबद्दल सांगते, तिनं सांगा म्हटलं म्हणूनच सांगते. मागच्या वर्षी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. नंतर तपासणीत थायरॉइड निघाला. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते, तिसरा महिना. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं मीच तिला दहादा बजावलेलं. आणि महाराजांचा हुकूम काय? गोळ्या बंद. परवा सकाळी पुनमला त्यांच्या मठात आणायचं, बाळंत होईपर्यंत तिथंच ठेवायचं, एकवेळ फराळ, माहेरच्यांनी भेटायचं नाही.

तातेरावांनी मान डोलावली.

"तातेराव, तिला गोळी लागते," मी म्हटलं.

"जयभीम, सिस्टर. तुमचं मान्य हाय," ते हात जोडून म्हणाले. "पर गोळ्या खाऊनबी हे रक्त येऊन राहिलंय, ते का खोटं हाय? आमी डोळ्यानं बघितलं."

डोळ्यानं बघितलं. या दोन शब्दांनी किती बायांचे जीव घेतले असतील, त्याची मोजदाद नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. तातेराव नि सोमेश्वर हळद दाखवायला वसमतच्या बाजारात गेले होते. शकुबाई, पुनमची सासू, आत पोत्यातली हळकुंडं निवडत बसलेली. दोन्ही तळवे पिवळेजर्द. बाई वाईट नाही. नातवंडाच्या ओढीनं घाबरलेली आहे, एवढंच.

पुनम मला खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. तिचा आवाज अगदी बारीक होता.

"सिस्टर, ते गाठोडं माझंच हाय. पयल्या लेकरासाठी झबली शिवली होती, टोपडं शिवलं होतं. फेकू वाटंना. कुणालाच दाखवलं न्हवतं, यांनाबी न्हाई. मग त्या माणसाला कसं कळलं? खरंच त्याला दिसतंय का काही?"

तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि मला त्या महाराजाची मानगूट धरावीशी वाटली. पण राग येऊन उपयोग नसतो, आधी विचारावं लागतं.

"पलंगाखाली कोण कोण जातं?"

"कोण जाणार? मला वाकता येईना झालं म्हणून झाडतबी न्हाई. कासव जातंय तेवढं."

ती बोलली आणि थांबली. मी दार किलकिलं केलं. दोघींनी बैठकीतल्या त्या पांढऱ्या डब्याकडं बघितलं.

हे यंत्र मोठा मुलगा प्रमोद यानं पुण्याहून पाठवलेलं. आईचे गुडघे गेले, वाकून फरशी पुसायला नको म्हणून. झाडतं, पुसतं, आपला कचरा आपणच डब्यात ओततं, फडकं धुतं, गरम वाऱ्यानं सुकवतं. माणसानं फक्त पाणी भरायचं आणि घाण पाणी ओतायचं. घरात ते बसवून दिलं गोपीचंदनं. मी पुनमच्या फोनवरून प्रमोदला फोन लावला.

"प्रमोद, या मशीनला डोळे हायत का?"

तो हसला. "कॅमेरा हाय ना, सिस्टर. पुढं. वाटेत चप्पल, वायर, काही आलं तर फोटो काढून अ‍ॅपवर पाठवतंय. मी बघतबी न्हाई ते, रोज येतात."

"ते फोटो कुणाकुणाच्या फोनवर जातात?"

"माझ्या अन् गोपीदाच्या. त्यानंच बसवलं ना." मग त्यानं अ‍ॅप उघडून बघितलं. जरा वेळानं म्हणाला, "सिस्टर, इथं फोटो हाय. पलंगाखालचा. लाल कापडाचं गाठोडं. गुरुवारचा."

"अन् कुठं जायचं, कुठं थांबायचं, ते?"

"अ‍ॅपमधल्या घराच्या नकाशावर बोट ठेवलं की तिथंच जाऊन थांबतंय. घरी असायची गरज न्हाई."

पुनमनं पदर तोंडाला लावला होता. पण आता तिला भीती वाटत नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि लाजेच्या मागून राग येत होता. "म्हणजे मी इथं रडत बसायची तवा ते फिरायचं..." एवढंच म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

राहिलं रक्त. मी बाहेर येऊन शकुबाईला विचारलं, "कासवाच्या डब्यात पाणी कोण भरतं?"

"गोपीचंदच भरतो. येऊन जाऊन राहतो ना रोज. त्यात कंपनीचं औषध टाकावं लागतंय म्हणला, आपल्याला जमणार न्हाई."

स्वच्छ पाण्याची टाकी मी उचलून काढली. पाणी नितळ. बोट बुडवून चोळलं तर बुळबुळीत. उपकेंद्रात मी जन्मभर चादरी उकळल्या आहेत. धुण्याचा सोडा माझ्या बोटांना कळतो.

"शकुताई, फरशीला सोडा लावता का कधी?"

"हळद घरात असल्यावर?" ती दचकली. "छे. आमच्या घरचा नेम हाय. हळद विकेपतोर फरशीला साबण न्हाई, सोडा न्हाई. नुसतं पाणी. लक्ष्मी धुवून जाती म्हणायची सासू."

मला सगळं कळलं. हळदीवर सोडा पडला की ती लाल होते, हे कुरुंद्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळद लागलेल्या परकराला साबण लागला की तो लाल होतो, हे रोजचंच. पोत्यांतून फरशीवर हळदीची धूळ बसतेच, पण या घराच्या फरशीला हळदीच्या दिवसांत कधी सोडा लागलाच नव्हता, म्हणून फरशी लाल झालेली या घरानं कधी बघितली नव्हती, आणि टाकीत सोडा असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. हा नेम बाहेरच्या कुणाला माहीत? घरात लहानाचा मोठा झालेल्या भाच्याला माहीत.

शकुबाईला मी तेव्हा काही सांगितलं नाही. तिनं तातेरावांना सांगितलं असतं, तातेरावांनी गोपीचंदला, आणि टाकी धुऊन निघाली असती. जे लोकांसमोर बांधलं, ते लोकांसमोरच सोडायला हवं होतं. टाकी होती तशी परत बसवली. प्रमोदला मात्र एक काम सांगून ठेवलं.

पुनमला न्यायच्या दिवशी गर्दी आणखी वाढली होती. शेजारच्या गावचेही आले होते. दारात मठाची जीप उभी. पुनमची पिशवी भरलेली. महाराज खुर्चीत बसले, डोळे मिटले.

"जायच्या आधी कूर्माचा कौल घेऊ. ऊठ, कूर्मा."

यंत्र उठलं नाही.

महाराजांनी घसा खाकरला. "ऊठ, कूर्मा." गोपीचंदनं खिशात हात घातला. त्याचा अंगठा खिशातल्या खिशात हलत होता, कपाळावर घाम आला होता. प्रमोदनं सकाळीच त्याचं नाव अ‍ॅपमधून काढून टाकलं होतं.

"आज कूर्म रुसलाय," महाराज म्हणाले. "कुणीतरी अपवित्र माणूस हाय इथं." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते कशासाठी, हे मला आणि तिथल्या प्रत्येकाला कळलं.

"मी बोलवून बघते," म्हणत मी पुढं झाले. फोन हातातच होता, पुण्याला लावलेला. "ऊठ बाबा, कासवा. जरा महाराजांच्या खुर्चीपाशी जाऊन थांब."

टिंग झालं. यंत्र उठलं, वळलं, फिरत फिरत खुर्चीपाशी गेलं आणि महाराजांच्या पायाशी थांबलं. मागं लाल पट्टा.

"आता बाधा कुणात हाय म्हणायचं?" मी विचारलं. मागून कुणीतरी हसलं.

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला. प्रमोदनं आपल्या बापाला पुण्याहून सगळं सांगितलं, फोटोसकट. तातेराव खाली मान घालून ऐकत होते. पण फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, "फिरवणं समजलं, सिस्टर. फोटोबी समजला. पर रक्त? फोनमधून रक्त येतंय व्हय?"

हा प्रश्न योग्य होता. मी स्वच्छ पाण्याची टाकी काढली, सगळ्यांना ते नितळ पाणी दाखवलं. "शकुताई, हात पुढं करा."

तिनं पिवळे तळवे पुढं केले. मी पाणी ओतलं. तळवे बघता बघता लाल झाले, बोटांवरून लाल थेंब फरशीवर पडले. शकुबाईनं हात नाकाशी नेले, बोटं एकमेकांवर चोळली आणि गोपीचंदकडं वळली.

"हे तर सोड्याचं पाणी हाय रे," ती म्हणाली. "तू माझ्या घरात सोडा घालून राहिलास?"

गोपीचंद "मामी, मठाचं भलं व्हावं म्हणून" असं काहीतरी पुटपुटला. पूर्वी मठात कुत्रं फिरकत नव्हतं आणि आता अशा चमत्कारांवर जीप आली होती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं असावं. महाराज उठले, "नास्तिकांच्या घरात देव थांबत न्हाई," म्हणत जीपकडं निघाले. जाताना हार काढायचं विसरले.

एवढ्यानं संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहिलीच नसती. पुनम पुढं आली. देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं ते लाल गाठोडं तिनं उचललं आणि सगळ्यांसमोर सोडलं. झबली. एक टोपडं, त्याला अर्धवट टाकलेली झालर. कुणाचे डोळे गेले नाहीत. ते भरून मात्र आले, माझेही.

शकुबाई लाल तळवे तसेच मांडीवर ठेवून बसली होती. तिनं मला विचारलं, "मग सिस्टर, पयलं लेकरू काहून गेलं?"

तातेरावांच्या घरानं वर्षभर हाच प्रश्न उराशी धरला होता, आणि उत्तर द्यायला कुणी नाही म्हणून तो खुर्चीवरचा माणूस घरात शिरला होता. मी तिच्याजवळ खाली बसले.

"आजारानं गेलं, शकुताई. गळ्यातली एक ग्रंथी, थायरॉइड, कमी काम करून राहिली होती, ते वेळेवर कळलं न्हाई. कळलं असतं तर कदाचित वाचलं असतं. पुनमची चूक न्हाई, तुमची न्हाई, कुणाची नजर न्हाई. आता कळलंय, गोळी हाय. मी वचन देत न्हाई. पर गोळी बंद केली तर काय होईल, ते मी सांगू शकते."

शकुबाई उठली. हात धुतले नाहीत, तशीच आत गेली, फडताळातून गोळ्यांची पाकिटं आणली आणि सुनेच्या हातात दिली. "मीच लपवली होती," म्हणाली. सोमेश्वर पाणी आणायला गेला. हे त्यानं आधी करायला हवं होतं, आणि ते त्याला तोंडावर सांगायला मी कमी केलं नाही.

वाचकांनो, माझं सांगणं एवढंच आहे. यंत्रात देव नसतो आणि भूतही नसतं, माणसं असतात. बसवणारी, चालवणारी, पाणी भरणारी. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा: पाणी कुणी भरलं, बटण कुणाच्या हातात आहे, आणि हे खरं मानलं तर कुणाची गोळी बंद होणार आहे. विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. रागावतो तो माणूस.

आणि ज्या घरात मूल गेलं असेल, तिथं शेजारपाजारच्या शहाण्यांनी लवकर जावं. उशीर केला तर दुसरंच कुणीतरी जातं. पुनमला मी गोळीचं बजावत राहिले, पण शकुबाईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वर्षभर उशीर केला, आणि त्या उशिराची किंमत पुनम मठाच्या जीपमध्ये बसून चुकवणार होती.