धुतलेली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. पूर्वी माझ्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची बटणं असत आणि येणारं गिऱ्हाईक माझं कौतुक करी. मग बाईंना खोकला जडला. बटणं डब्यात गेली आणि मी त्यांच्या उशाशी आले.

रोज सकाळी बाई पलंगाच्या कडेला ओणव्या होत आणि कफ माझ्यात पडे. तासाभरात त्याचे थर होत. वर फेस, मध्ये गढूळ पाणी, तळाशी हिरवट पू. बाई गप्प बसल्या तरी त्यांच्या छातीत बुडबुड चाले, जणू आत दुसरंच कुणी श्वास घेतंय. खरं सांगते, मला त्याची भीती वाटे.

सून मनाने चांगली, पण अब्रूला फार जपणारी. डॉक्टरबाई येणार म्हटलं की ती मला घासूनपुसून लख्ख करी, खिडकीत पालथी घाली आणि खोकला कोरडाच आहे म्हणून सांगे. बाईही लाजेने मान डोलावत. दोन वर्षं नुसती औषधं बदलत राहिली. बाई वाळत गेल्या. एकदा माझ्यात रक्ताची रेघ उमटली. सुनेने तीही धुतली.

एका सकाळी डॉक्टरबाई न कळवता आल्या. मी भरलेली होते. त्यांनी मला उजेडात धरून तिन्ही थर नीट पाहिले. छातीचा स्कॅन झाल्यावर त्यांनी समजावलं की फुप्फुसातल्या श्वासनळ्या रुंदावून सैल पडल्या आहेत. त्यात कफ साचतो, जंतू घर करतात. आजाराचं नाव ब्रॉन्किएक्टेसिस.

“नळ्या पहिल्यासारख्या होणार नाहीत. पण रोज कफ काढा, ताप आला की लगेच कळवा. पुष्कळ वर्षं निघतील.”

“मला वाटलं, मी घराची लाज राखतेय,” सून म्हणाली आणि रडली.

तेव्हापासून ती रोज सासूबाईंच्या पाठीवर थापट्या मारून साचलेला कफ माझ्यात काढू लागली. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता त्यांना बरं वाटतंय. आज राहू दे गं, असं त्या गेले चार दिवस म्हणताहेत आणि सूनही हसून कामाला लागते. मी कोरडी आहे, लख्ख आहे. पण बाई शिवायला बसल्या की त्यांच्या छातीतली ती बुडबुड मला पुन्हा ऐकू येते, रोज थोडी आणखी वरून.

मित्रांनो, अशी बरणी रिकामी दिसली म्हणून खूश होऊ नका. माझ्यात नाही ते कुठे आहे, हे मला ठाऊक आहे. मला हाक मारता येत नाही. तुम्ही तरी सुनेला हाक मारा.