गप्प म्हातारा

कर्णबधिर मुलांना ओठ वाचायला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. इथे घाई करून चालत नाही. एक शब्द शंभरदा म्हणावा, तेव्हा कुठे मूल हसतं.

परवा दुपारी नौशाद लॅपटॉप घेऊन शाळेत आला. तो आणि मोतीराम मिळून टीव्हीसाठी विनोदी स्किटं लिहायचे. मोतीराम गेल्या वर्षी वारला. आता नौशादने एकट्याने ॲनिमेशनचा सिनेमा केला होता, आणि सोमवारी तो निर्मात्याला द्यायचा होता.

"बाई, आवाजाशिवाय ही पोरं हसली, तर सिनेमा पास!"

"आणि नाही हसली तर?"

"तर मला तुमच्याकडे शिपाई म्हणून ठेवा."

भिंतीवर सिनेमा सुरू झाला. लेखक-दिग्दर्शक : नौशाद. गोष्ट मात्र मोतीरामची होती. त्याने ती याच वर्गात मुलांना खुणांनी सांगितली होती.

मुलं छान हसत होती. मग एक शांत प्रसंग आला. गंगापूर धरणाच्या काठावर म्हातारा गळ टाकून बसलाय, बोलत काहीच नाही. तिथे सगळा वर्ग खो खो हसला आणि वळून नौशादकडे बघू लागला.

"इथे तर जोकच नाहीये," तो म्हणाला.

मी संपदाला विचारलं. नऊ वर्षांची, पण ओठ वाचण्यात सगळ्यांत तरबेज. तिने खुणांनी सांगितलं : म्हातारा म्हणतो, नौशाद, सदरा माझा घातलास, निदान गुंड्या तरी नीट लाव.

नौशादने खाली पाहिलं. एक गुंडी चुकली होती.

त्याने सिनेमा थांबवला. म्हाताऱ्याचं तोंड मिटलेलं. एकेक चित्र पुढे सरकवलं. मिटलेलंच.

"त्याचा जोक ढापला की मोतीराम हेच म्हणायचा मला," नौशाद पुटपुटला.

त्याने प्रसंग पुन्हा लावला. या वेळी कुणीच हसलं नाही. संपदाची बोटं सावकाश हलली : माझं नाव लिही.

मुलांच्या बुटक्या बाकावर बसून नौशादने तिथल्या तिथे सिनेमातली नावांची पाटी बदलली. कथा आणि विनोद : मोतीराम. स्वतःचं नाव त्याखाली. मग तोच प्रसंग तिसऱ्यांदा लावला.

"आता काय म्हणतोय?" मी विचारलं.

काही नाही, अशी संपदाने मान हलवली. मग भिंतीवरची नजर काढून तिने नौशादच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

तो आता इथे बसून बघतोय.