फ्री कॉलमखालचा आकडा

मला कुणी फसवलेलं खपत न्हाई, आधीच सांगते. बीडला स्टँडच्या मागं सुनिताचा आन माझा भागीत टायपिंग क्लास. सर्व्हर एकच. त्या सकाळी तो लई रेंगाळाया लागला म्हणून मी स्क्रीनवर मेमरीचा हिशेब काढला. आठ जीबीतली 'फ्री' म्हणून चिमूटभरच! वर स्वॅपबी वापरलेला. स्वॅप म्हंजी मेमरीतलं सामान डिस्कवर काढून ठेवायचा माळा. घर भरून माळ्यावर चढलेलं हे सामान कुणाचं?

सुनिताचंच, दुसरं कोण हाय इथं? तिच्या भावजयीनं पालीला क्लास काढलाय. हे सुनितानं मला सांगितलं न्हाई, बाहेरून कळलं. म्हंजी पालीच्या पोरी तिच्या खात्यातून आमच्याच मशीनवर फुकटात बोटं चालवीत असणार! माझं डोकंच सरकलं. मी तिच्या खात्याचा पासवर्ड बदलून टाकला.

लिंबागणेशच्या गाडीनं सुनिता आली. त्या दिवशीच्या सराव परीक्षेचा पेपर तिच्याच खात्यात होता.

"सुरेखा, मशीन मला आत घीना बाई."

"आधी मेमरी कुठं गेली ते सांग." मी माझी स्क्रीन तिच्याकडं वळवली.

ती हसलीच. "अगं, चष्मा लावायचा न्हाई म्हणून अक्षरं केवढी केलीस! शेवटचा कॉलम खालच्या ओळीत घसरलाय." तिनं अक्षरं बारीक केली. 'अव्हेलेबल' वर सरकलं. पाच जीबी.

"मग फ्री एवढीशी कावून?"

"रात्री लावलेला बॅकअप अजून चाललाय, म्हणून रेंगाळतंय. वाचलेल्या फायली मशीन मोकळ्या मेमरीत धरून ठेवतं. एस्टीत शेजारच्या सीटवर आपण पिशवी ठेवतो, कुणी आलं की उचलतो, तसं. फ्री म्हंजी पिशवीबी नसलेली सीट, अव्हेलेबल म्हंजी बसाया मिळंल ती सगळी."

"आन स्वॅप?"

"निकाल छापताना गर्दी झालती, तवा टाकलं असंल माळ्यावर. लागंना तवर ते खाली काढत न्हाई."

मला तरी पटंना. "आन पालीचा क्लास?"

तिचं हसू गेलं. "भावजय म्हणली, सुरेखाला सोड आन माझ्यात ये. मी न्हाई म्हणलं. तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाई. हे तुला काय सांगायचं?"

तेवढ्यात जिन्यावर पोरींचा गलका ऐकू आला.

"पासवर्ड तू बदललास व्हय? सांग लवकर."

"थांब, मीच टाकते."

स्क्रीनवर नुसते ठिपके उमटत होते, तेवढाच आधार. पण सुनिता माझ्या खांद्याशी उभी होती, आन पोरींची बोटं बघून चुका धरण्यात तिचा जन्म गेलेला.

"आधी माझं नाव. मग चोर," ती हळूच म्हणली. "स्पेलिंग बरोबर हाय."

मग दाराकडं वळून तिनं पोरींना हाक मारली, "या गं, बसा आपापल्या जागी."

परीक्षा नीट पार पडली. सोमवारपासून सुनिता पालीला शिकवती.