कॅनव्हासवरचे बाबा

जावईबापूंनी नवा उद्योग काढला होता. कागदावरचं चित्र कापडावर उतरवायचं, तेही घरच्या घरी. दोन व्हिडिओ बघितले आणि गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. जेवणाच्या टेबलावर डबे, ब्रश, इस्त्री आणि कापडाचे तुकडे; घरातल्या माणसांनी ताट मांडीवर घेऊन जेवायचं.

पहिला मान उशीच्या अभ्र्याला मिळाला. त्यावर ‘शुभ रात्री’ उतरलं, पण उलटं. चित्र आधी आरशातल्यासारखं फिरवून घ्यावं लागतं, हे बापूंना अभ्रा हातात आल्यावर कळलं.

“मग आता आरसा घेऊन झोपायचं का?” सासूबाईंनी विचारलं. नवरा गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत होत्या, त्यामुळे ही थेरं त्यांना रोज बघावी लागत.

“प्रिंटरच तसला आहे हो, आई.”

नाचता येईना, अंगण वाकडं! पुढे भाच्याच्या वाढदिवसाला टी-शर्टवर भाच्याचाच चेहरा छापला. पहिल्या धुण्यात त्या चेहऱ्याचे पोपडे निघाले, आणि पोराला वाटलं आपल्यालाच काहीतरी झालंय.

इथवर सासूबाईंची फुकटात करमणूक होत होती. पण एके दिवशी लेकीनं कपाटातून बाबांचा फोटो काढून नवऱ्याच्या हातात दिला.

“मोठा करायचा, कॅनव्हासवर. आईच्या खोलीत, पलंगाच्या समोर लावू. सकाळी डोळे उघडले की बाबा समोर!”

मेली काय हौस एकेकाला!

फोटो बुटांच्या दुकानातला होता. तिथे त्यांचे यजमान गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून गोड गोड बोलायचे, आणि फोटोतही बत्तीशी दाखवत होते. घरी आले की ती बत्तीशी कुठे ठेवून यायचे कोण जाणे. जेवताना भांडं वाजलं तरी अशी नजर रोखायचे की घास घशात अडकावा. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. ते गेल्यावर जो तो भेटायला येऊन म्हणाला, “काय हसतमुख माणूस होता हो!” आणि सासूबाईंची मान डोलवून डोलवून दुखायला लागली.

आता तेच हसू उरलेलं आयुष्य डोळ्यांसमोर. छे! पण लेकीला सांगायचं कसं? जिवंतपणी बोलायची सोय नव्हती, मेल्यावर बोलायची रीत नाही. मग बाईनं बोलायचं तरी कधी?

या वेळी बापूंनी फोटो फिरवून घेतला, एवढं खरं. मोठी प्रत काढून आणली, कॅनव्हासवर पांढरा चिकट लेप फासला, त्यावर प्रत पालथी चिकटवली आणि वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ओला स्पंज घेऊन बसले, आणि आधी भाषण झालं. कागद भिजवायचा, बोटानं हळूहळू चोळायचा, कागदाचा लगदा निघून जातो आणि शाई तेवढी कापडावर राहते. हळूहळू हा शब्द तोंडात होता, हातात नव्हता.

कपाळ निघालं, भुवया निघाल्या, डोळे निघाले. तोंडावर मात्र कागदाचा पांढुरका थर राहिला होता. बापूंनी करपलेलं पातेलं घासावं तसं ते तोंड घासलं. कागदाबरोबर ओठ गेले, दात गेले, आणि सगळं हसू लगदा होऊन टेबलावर पडलं.

“कागद हलका निघाला,” बापू म्हणाले.

सासूबाई पुढे होऊन बघत राहिल्या. खाली कोरं कापड आणि वर ते दोन डोळे. फोटोतही डोळे हसत नव्हतेच. बत्तीशीपुढे कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

“आता बरोबर आलेत,” त्या म्हणाल्या.

“आई!” शेजारी उभी लेक ओरडली.

“आई काय? असेच होते ते. दुकानात हसण्याचा पगार मिळायचा, तिथे हसायचे. घरी हे असे बघायचे. जन्म काढला मी या नजरेखाली. आता रोज उठून पुन्हा यांचं तोंड नको मला. माझ्या खोलीत लावायचं नाही, सांगून ठेवते.”

बापूंना एकदम ब्रश धुवायची आठवण झाली.

लेक रडेल, भांडेल, असं सासूबाईंना वाटलं होतं. ती टेबलावरचा लगदा बोटानं गोळा करत होती.

“माझ्याशी तरी कुठे हसले ते कधी?” ती म्हणाली.

“अगं, मग हा हट्ट कसला?”

“लोकांपुढे तू मान डोलवायचीस ना. मला वाटलं, मी झोपल्यावर तुझ्याशी तरी हसत असतील. म्हणून तुझ्या खोलीत म्हटलं.”

सासूबाईंनी लेकीचे ओले हात पदरानं पुसले.

“हवंय तुला ते हसू?”

लेकीनं ‘हो’ म्हणून मान हलवली.

“बापू!” सासूबाईंनी हाक मारली. “दुसरी प्रत काढून आणा. हिच्या खोलीत लावायचीय. आणि कपाळबिपाळ हवं तेवढं घासा, पण तोंडाला हात लावाल तर याद राखा. तिथला कागद हीच काढेल.”