मला ळ कळतो

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. जाडा म्हणा, पिवळा पडलेला म्हणा, तेही खरंच आहे. पण भंगार म्हणालात तर आपलं जमायचं नाही. मी सर्व्हर आहे. एकेकाळी फरीदाबादच्या एका कारखान्यात बेचाळीस कंप्यूटर रोज सकाळी माझ्या दारात रांग लावायचे. मी नाव विचारायचो, पासवर्ड विचारायचो आणि मग आत सोडायचो. माझ्या परवानगीशिवाय तिथं एकाचंही पान हलत नव्हतं.

माझे आईबाप कोण ते मला माहीत नाही. माझे भाग चार देशांतून आले आणि दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारातल्या एका दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, एका माणसानं स्क्रू पिळून मला एक केलं. तो काळ असा होता की देशाची दारं नुकतीच उघडली होती. रस्त्यावर परदेशी मोटारी दिसू लागल्या होत्या आणि प्रत्येक कारखानदाराला कंप्यूटर हवा होता. ग्रोवरसाहेबांचा कारखाना मोटारींच्या ब्रेकचे भाग बनवायचा. त्यांनी शेजारच्या कारखान्यात एक सर्व्हर पाहिला आणि मला घेऊन आले. माझ्यासमोर नारळ फुटला, कपाळावर कुंकू लागलं, गळ्यात झेंडूची माळ पडली. मग माझ्यावर प्लास्टिकचं कव्हर चढलं आणि तीन महिने मला कुणी हात लावला नाही. पूजा भरपूर झाली, वापर शून्य. आपल्याकडे हे फार चालतं, म्हणून सांगून टाकलं.

मग श्रावस्ती आली.

श्रावस्ती गजभिये, वय तेवीस. वडील शामराव केंद्र सरकारच्या कचेरीत, राहायला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. ती कुठल्या मोठ्या कॉलेजात कंप्यूटर शिकली नव्हती. सहा महिन्यांचा एक क्लास, बाकी सगळं स्वतः उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून. साहेबांनी तिला सांगितलं, वर्षभर काम बघतो, मग नोकरी पक्की करतो. तिनं माझं कव्हर काढलं, फुंकर मारली आणि मला शिंक आली असती तर आलीच असती, इतकी धूळ उडाली.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! तिनं छतातून वायरी ओढल्या, तीन मजले जोडले, एकेका कंप्यूटरवर फ्लॉपी घालून विंडोज चढवली आणि प्रत्येकाला नाव दिलं. नावं सगळी मराठी भाज्यांची. साहेबांचा कंप्यूटर भोपळा. साहेब आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, हमारा नाम भोपला है. खरेदी खात्यातल्या श्यामकांतरावांचा दोडका. हिशेब खात्याचे भाटिया सदा वाकड्या तोंडाचे, म्हणून त्यांचा कारलं. भाटियांनी कारलं म्हणजे काय ते विचारलं तेव्हा ती म्हणाली, तब्येतीला फार चांगलं असतं.

तिचा एक नियम होता. कुणी तक्रार घेऊन आलं की ती म्हणायची, "सांगू नका, करून दाखवा." एकजण म्हणाला कंप्यूटर मेला. ती म्हणाली, दाखवा. त्यानं दाखवलं, तर पंखा लावायला त्यानंच प्लग काढला होता. दुसऱ्याचं पत्र छापलंच जात नव्हतं. ते खालच्या मजल्यावर सतरा वेळा छापून पडलं होतं. माणसं चूक करतात आणि नाव मशीनचं घेतात. मला लाथा बसल्या, माझ्यावर चहाचे कप ठेवले गेले. ती मात्र काम करताना माझ्याशी बोलायची.

गुळाची गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. शामराव मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांच्या गावात डोळ्याला डोया म्हणायचे आणि काळ्याला काया. तालुक्याच्या शाळेत मास्तर त्यांना मुद्दाम उभं करायचा, 'काळा' म्हणायला लावायचा आणि अख्खा वर्ग हसायचा. शामरावांनी ओढ्याकाठी एकट्यानं घोकून ळ कमावला. कमावलेली वस्तू माणूस जपतो. दिल्लीत आल्यावर त्यांनी घरात नियम केला. जेवणानंतर प्रत्येकाला गुळाचा खडा, पण 'गूळ' नीट म्हणणाऱ्यालाच. कुणी 'गुड़' म्हटलं की खडा परत डब्यात. मीराबाई, म्हणजे श्रावस्तीची आई, म्हणायच्या, पोरांना ळ आला पण दात किडले.

म्हणून श्रावस्तीनं माझी मुख्य किल्ली, म्हणजे पासवर्ड, ठेवली 'गुळपोळी'. इंग्रजी अक्षरांत, पण तिची स्वतःची रीत होती. ल साठी छोटा एल, ळ साठी मोठा एल. मला छोटं अक्षर आणि मोठं अक्षर वेगळं कळतं, त्यामुळे मला ळ कळतो. आणि तीन वेळा किल्ली चुकली की मी अर्धा तास कुणाशी बोलत नाही. हाही नियम तिनंच घातला होता.

आता श्यामकांतरावांबद्दल. माणूस पुण्याचा, तीस वर्षं दिल्लीत, नुकताच दिल्लीतल्याच द्वारका वस्तीत फ्लॅट घेतलेला. ऑफिसात मराठी बोलणारी ही दोनच माणसं. तुम्ही म्हणाल, दोघांचं गूळपीठ असेल. कसलं काय! पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या कूलरपाशी चारचौघांत त्यांनी तिला विचारलं, "काय गं गजभिये, तू पाणी म्हणतेस की पानी? तुमच्यात ण नसतो ना, म्हणून विचारलं."

ज्या ऑफिसात साहेबापासून शिपायापर्यंत सगळे पानीच म्हणत होते, तिथं हा प्रश्न फक्त तिलाच. ती हसून म्हणाली, "काका, तहान लागली की दोन्हीनं भागते." पण माझ्याकडे आली तेव्हा तिनं की-बोर्ड जरा जोरात बडवला. मी लोखंड आहे, तरी मला राग आला. माझ्या दाराशी मी कुणाचं कुळ विचारत नाही. नाव आणि किल्ली बरोबर असेल तर आत या, नसेल तर साहेब असा की नवाब, बाहेर. माणसांना एवढी साधी गोष्ट का जमत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे श्यामकांतरावांना पुण्याच्या भावाला ईमेल पाठवायची होती, इंग्रजी अक्षरांत मराठी. श्रावस्तीनं त्यांना आपली ल आणि ळ ची रीत सांगितली. ते म्हणाले, "तू मला मराठी शिकवू नकोस."

श्रावस्तीचं कामाचं वर्ष संपायला आठ दिवस राहिले होते. जानेवारीची थंडी. परदेशी मोटार कंपनीचे पाहुणे अकरा वाजता कारखाना बघायला येणार होते. मालाचा साठा कंप्यूटरवर दिसला तर मोठं काम मिळणार होतं, आणि साहेबांनी बोलून दाखवलं होतं की आज नीट पार पडलं तर पोरगी पक्की. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पोरीला कांजिण्या निघाल्या.

सकाळी दहाच्या सुमाराला भाटियांचे पाय गारठले. त्यांनी हीटर आणला आणि त्याची वायर माझ्या यूपीएसमध्ये खुपसली. ज्या डब्यातून मला वीज मिळते, त्यात हीटर! डबा एकदा ओरडला आणि गप्प झाला. त्याच्याबरोबर मीही गेलो. कुणीतरी मला भिंतीच्या प्लगला जोडून पुन्हा सुरू केलं, पण सुरू झाल्यावर मी नेहमीप्रमाणे किल्ली मागितली आणि किल्ली कुणाकडेच नव्हती. आत येऊन कुणी साठ्याचा प्रोग्राम सुरू करेपर्यंत बेचाळीसही कंप्यूटर रिकामे बसून राहणार होते.

भाटिया हीटरबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मशीन मर गई, एवढंच म्हणाले. त्यांचा एक साडू कंप्यूटरच्या धंद्यात होता. तो सीडी घेऊन हजरच झाला. सगळं पुसून नव्यानं घालतो म्हणाला. सगळं पुसून! म्हणजे वर्षभराची तिची मेहनत, सगळा साठा, बेचाळीस नावं आणि तिची नोकरी. इथं जमलं नाही तर मला गाडीत घालून त्याच्या दुकानात न्यायला रामफल चौकीदारालाही बोलावलं. हा हरियाणातल्या बल्लभगढकडचा, मिशीवाला, मनानं मऊ. श्रावस्ती त्याला रामफळ चाचा म्हणायची.

ग्रोवरसाहेब म्हणाले, आधी पोरीला फोन लावा. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. श्रावस्ती फोनवर आली, तिनं मागं भाटियांना साडूला 'लिख ले' म्हणताना ऐकलं आणि श्यामकांतजींना बोलवा म्हणाली.

"काका, गुळपोळी. ळ मी सांगितला होता तसा."

श्यामकांतराव खुर्चीत बसले. आजूबाजूला सगळ्यांची गर्दी. त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. सगळी छोटी. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच दाबलं, जरा जोर लावून. मी पुन्हा नाही म्हणालो. आता एकच संधी उरली होती. ती गेली की अर्धा तास तोंड बंद, आणि घड्याळात पावणेअकरा. साडूनं सीडीचं झाकण उघडलं.

मित्रांनो, तिनं मनात आणलं असतं तर तिसरं आणि सहावं अक्षर मोठं एवढंच बोलून सुटली असती. पण साडू हातात पेन घेऊन उभा होता. किल्ली एकदा त्याच्या वहीत गेली असती तर मी उद्यापासून त्याचा. म्हणून ती म्हणाली,

"काका, सांगू नका, करून दाखवा. शब्द म्हणून दाखवा."

"गुलपोली," श्यामकांतराव म्हणाले.

फोनमधून हसण्याचा आवाज आला. कांजिण्यांत खाजवायचं नसतं, तसं हसायचंही नसावं, कारण मागून मीराबाई ओरडल्या.

"काका, त्यातला ळ कुठे गेला?"

"आहे की. गुल. पोली. म्हणतोय ना, ल!"

तीस वर्षांत श्यामकांतरावांचा ळ दिल्लीत कुठेतरी सांडला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते ल, ल, ल करत राहिले. चेहरा लाल. दारात उभ्या रामफलला राहवेना, त्याच्या हरियाणवीत ळ घरचाच. "इसमें के सै जी," तो म्हणाला, "काळा, बाळक, नाळी." प्रत्येक ळ असा गोल, जणू आत्ताच कुंभाराच्या चाकावरून उतरवला. खोलीत हशा पिकला. कधी शाळेची पायरी न चढलेला चौकीदार, आणि ण ची परीक्षा घेणारे श्यामकांतराव त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले.

पण श्रावस्ती हसली नाही. लोक हसतात तेव्हा उभं असलेल्याला काय वाटतं, ते तिच्या घरात माहीत होतं. ती हळू आवाजात म्हणाली,

"काका, लहानपणी घरी तुम्हाला काय म्हणायचे?"

त्यांनी बोट की-बोर्डवरून काढलं. मग खाली बघत म्हणाले, "बाळू."

आला. स्वच्छ, ठसठशीत ळ आला. ते स्वतःच दचकले. पुन्हा एकदा म्हणाले, "बाळू. आई म्हणायची."

"आता तोच ळ घ्या, काका. दोनदा लागेल."

श्यामकांतरावांनी ओठांतल्या ओठांत गुळपोळी म्हटलं. आणि मग त्यांना तिची ती रीत आठवली. डावा हात पुढं आला. शिफ्टचं बटण. एकदा. पुन्हा एकदा. बाकी सगळ्यांना वाटलं, म्हातारा बोटं मोडतोय.

मी दार उघडलं.

असं सताड उघडलं की सांगता सोय नाही. भोपळा आला, दोडका आला, वांगी, गवार, घेवडा, तिन्ही मजल्यांवरची सगळी मंडई धावत आली. कारलंही आलं. मी कुणाला हाकललं नाही. अकरा वाजता पाहुणे आले, त्यांनी साठा पाहिला, माना डोलावल्या आणि चहाला थांबले. पाहुणे गेल्यावर साहेबांनी पुन्हा फोन लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बेटा, आज से पक्की."

ती म्हणाली, थँक यू सर, आणि जरा यूपीएसमध्ये काय लावलंय ते बघता का? रामफल वायर धरून निघाला. वायर टेबलाखालून, कपाटामागून, थेट भाटियांच्या पायाशी. हीटर अजून कोमट होता. भाटियांनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातले, न मागता.

दहा दिवसांनी श्रावस्ती परत आली. आल्याआल्या तिनं माझी किल्ली बदलली. ती सांगणार नाही. श्यामकांतरावांनी माफी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत. पण दुपारी ते कूलरपाशी गेले, ग्लास भरला आणि तिच्या टेबलावर आणून ठेवला.

"पानी घे," म्हणाले.

ती म्हणाली, "आणा काका, पाणी." आणि दोघंही हसले.

मी आणखी सहा वर्षं नोकरी केली. मग नवा सर्व्हर आला, पातळ आणि चकचकीत. माझी खोली त्याला मिळाली, मला जिन्याखालचा कोपरा. दुःख झालं, खोटं कशाला बोलू. भंगारवाला मला उचलायला आला त्या दिवशी श्रावस्ती मध्ये उभी राहिली आणि मला रिक्षात घालून घरी घेऊन गेली. आता मी द्वारकेत तिच्या फ्लॅटमध्ये आहे. तिची मुलगी वैभवी पाच वर्षांची, अभ्यासाला बसली की पाय माझ्यावर ठेवते. मला चालतं. मोजे घातलेले असतात.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझी भावंडं असतील. त्यांच्यावर चहा ठेवू नका. धूळ पुसा. काही बिघडलं तर थोबाडीत मारण्याआधी प्लग बघा. आणि दाराशी कुणी आलं तर त्याचं कुळ विचारू नका.

माझ्यात आता वीज नाही, पण कान शाबूत आहेत. काल संध्याकाळी शामराव गुळाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या सोसायटीतून श्यामकांतराव आले होते, ते आता वरचेवर येतात. वैभवी "गूल द्या" म्हणाली. डबा बंदच राहिला. तेव्हा श्यामकांतराव तिच्यापुढं वाकले, म्हणाले, "असं नाही गं. जीभ मागं वळव. माझं नाव घेऊन बघ. बाळू."

"बाळू," वैभवी म्हणाली. मग जीभ मागं वळवून, हळूच म्हणाली, "गूळ."

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला.