कोनाड्यातले काळे दगड

शिवाजी पेठेतल्या नृसिंह हेर्लेकरांना एक खोड होती. दगड दिसला की उचलायचा, जिभेला लावून बघायचा आणि पिशवीत टाकायचा. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं दगड गोळा करावेत यात नवल नाही म्हणा. पण घरात खाटेखाली दगड, देव्हाऱ्यामागं दगड, एकदा तर पापडाच्या डब्यात दगड! बायको श्यामला म्हणाली, "अहो, विचारून तरी आणत जा. कुणाच्या घरचा असेल." हेर्लेकर पोट धरून हसले होते. डोंगरातला दगड, त्याला कसलं घर?

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. बिद्रीच्या साखर कारखान्यात आकाराम नावाचा फिटर होता. त्यानं त्यांच्यापुढं एक काळा, जड, फेसाळलेला गोळा आणून ठेवला. "आमच्या डोंगरात असली लई पडल्यात, सर." हेर्लेकरांचे डोळे चमकले. ती लोखंड गाळून उरलेली मळी होती. जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड लोक पाच-सहाशे वर्षांपूर्वी त्या डोंगरात राहत असणार, आणि त्यांची खाणही असणार.

"खाण हाय की," आकाराम म्हणाला. "पर वर्सातनं एकच दिस उघडत्यात. घट बसायच्या आदल्या दिवशी. बायका घरं सारवाय शेडू, म्हंजी पांढरी माती न्हेत्यात, आन् दिस कलला की तोंड बंद. गुरं-पोरं आत पडू नयेत म्हणून."

म्हणून त्या अमावस्येला दोघं बिद्रीहून पहाटेच्या एस्टीनं निघाले. खाली नदी ओलांडून, वाडीत न जाता, मागच्या वाटेनं डोंगर चढले. आकाराम आईला म्हणजे विठाबाईला भेटायला थांबला नाही. येताना जाऊ म्हणाला. दुपार व्हायला आली होती. बायका शेडूच्या पाट्या घेऊन खाली गेल्या होत्या आणि पठारावर चिटपाखरू नव्हतं.

खाणीचं तोंड जेमतेम वाकून आत शिरण्याएवढं होतं. हेर्लेकर होकायंत्र घेऊन मोजमापं करत होते, तेवढ्यात आकारामनं तोंडाशेजारच्या कोनाड्यात काहीतरी ठेवलं, हात जोडले आणि बॅटरी घेऊन आधी जनावर बघायला आत गेला. कारखान्यात त्याच्या रीतीभातींची पोरं चेष्टा करायची. शिकलेल्या माणसापुढं कशाला उगाच बोला, असं त्याला वाटलं.

हेर्लेकरांनी कोनाड्यात बघितलं आणि होकायंत्र खाली ठेवलं. तीन काळे गुळगुळीत गोटे! इथं सगळा डोंगरमाथा तांबडा, सच्छिद्र जांभा, आणि हा तर नदीनं घासलेला काळा पत्थर. इतक्या उंचावर नदीचा गोटा येतोच कसा? धावडांना आत एखादं जुनं नदीपात्र लागलं असेल तर? हेर्लेकरांच्या डोक्यात लगेच निबंध सुरू झाला. त्यांनी तिन्ही गोटे उचलले, कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या, एक, दोन, तीन, आणि पिशवीत टाकले. आकारामला हाक मारून एक शब्द विचारायचा होता. पण खाणीबद्दल फिटरला काय विचारायचं?

आत गेल्यावर मात्र हेर्लेकर खरंच हरखले. डोक्यावर जांभ्याचं छत, त्यावर छिन्नीचे घाव काल घातल्यासारखे ताजे. मधेमधे धावडांनी सोडलेले जाड खांब. छताखाली मऊ, गुलाबी-पांढरा शेडू, बोट रुतेल असा. जांभा आणि शेडू जिथं भेटतात तिथून पाणी झिरपत होतं.

"हे बघा आकाराम, सगळी भानगड इथं आहे," ते म्हणाले. "वरचा दगड कणखर, पण बसलाय चिखलावर. पाण्यानं चिखल सुटला की छत आलंच खाली."

"म्हाईत हाय," आकाराम एवढंच म्हणाला.

पाऊण तास ते असेच उतरत राहिले. दोनदा पोटावर सरपटावं लागलं. मग वाट संपली. पुढं छत कोसळून दगडांचा आणि शेडूचा ढीग पडला होता. आकारामनं टोपी काढली आणि ढिगाला कपाळ टेकवलं.

"ह्येच्यात माझा बा हाय," तो म्हणाला. "मी नऊ वर्सांचा हुतो. शेडू काढाय आला आन् छत आलं. गावानं चार दिस उकरलं. उकराय लागलं की आनखी पडायचं. सोडलं मग."

हेर्लेकरांनीही ढिगाला हात जोडले.

"आये अजून कुंकू लावती, सर. बांगड्या भरती. आमच्यात रीत हाय. आत जाणाऱ्यानं नदीचा एक काळा दगूड कोनाड्यात ठेवायचा, भायेर आला की आपला उचलायचा. ज्येचा दगूड हाय, त्यो आत हाय. बाचा दगूड अजून हाय. मग आये म्हणती, मी रांड कशी? मघाशी मी आपलं दोन ठेवलं त्येच्याशेजारी."

 हेर्लेकरांच्या काखेतली पिशवी एकदम मणाची झाली. "चला," ते म्हणाले, "चला लवकर. बाहेर चला."

"का ओ? घाई न्हाई. तोंड बंद करायचं आयेच्या हातात, आन् आपलं दगूड बघितल्यावर ती करायची न्हाई."

तेवढ्यात लांबून आवाज आला. धप्प. जरा वेळानं पुन्हा धप्प. जांभ्याचे चिरे एकावर एक बसत होते.

आकाराम ओरडला. आवाज त्या मऊ भिंतींनी गिळून टाकला. दोघं धावत, ठेचकाळत, सरपटत मागं फिरले. हेर्लेकरांच्या चष्म्याची एक काच तडकली, गुडघे सोलपटले. धप्प आवाज थांबले, आणि त्याजागी बारीक, कडकडीत हलगी ऐकू यायला लागली. आकाराम जागच्या जागी थबकला.

"हलगी?" तो पुटपुटला. "हलगी का वाजाय लागली? मानूस आत असला तर वाजवत न्हाईत. एकवीस वर्सांत वाजली न्हाई. बा आत हाय न्हवं."

ते तोंडाशी पोचले तेव्हा हलगी डोंगर उतरून गेली होती. तोंड बंद होतं. चिऱ्यांवर चिरे, वरून ओल्या शेडूचा लेप. फक्त वरच्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली होती, तिच्यातून उन्हाची एक रेघ आत येत होती. आकारामनं भिंतीशी ठेवलेली शेडू उकरायची पहार उचलली तशी हेर्लेकरांनी ती धरली. "नको! वर बघा. शेडूला भेग पडलीय. आतून एक चिरा ओढलात तर छत आपल्यावर येईल. बाहेरूनच काढायला पाहिजे."

आकाराम खाली बसला. नवल म्हणजे तो शांत होता. "मग बसू. आयेची वाट न बघता पोरांनीच तोंड लिंपलं आसंल, हलगी बी गम्मत म्हणून वाजवली आसंल. सांजला आये एकटी दिवा लावाय येती. कोनाडा बघंल. दोन दगूड जास्ती दिसलं की वाडी गोळा करंल. बॅटरी इझवा, सर. जरा पडा निवांत."

"आपण हाका मारू तिला."

"हाक न्हाई चालत. ह्या दिवशी आतनं कुनाची बी हाक आली तर ओ द्यायची न्हाई. हितं गाडलेलं धावड आपल्याच मानसाचा आवाज काढत्यात म्हणं. म्हणून तर दगूड. मेलेला हाक मारंल, पर त्येच्याकडं दगूड कुठला?" आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला.

हेर्लेकर अंधारात बसले. भीती अंगावर चढत होती, आणि तिच्यात लाजही मिसळली होती. ही म्हातारी येणार, रिकामा कोनाडा बघणार, दिवा लावून जाणार. पुढचं माणूस इथं येणार ते पुढच्या वर्षी. तोवर इथं दोन सापळे. श्यामलाला कुणी सांगेल? ते कुठं गेले हेसुद्धा त्यांनी तिला नीट सांगितलं नव्हतं. छताखालून शेडूचा गोळा निसटला, चप्प करून पडला.  आकाराम मात्र घोरायच्या बेतात होता, आईच्या भरवशावर. त्याला सांगावं, तर त्याच्या हातात पहार. न सांगावं, तर मरण ठरलेलं.

फटीतली रेघ पिवळी झाली, मग तांबडी. आता बोललो नाही तर संपलंच, हे त्यांना कळत होतं.  शेवटी त्यांनी पिशवीत हात घातला.

"आकाराम, कोनाड्यात दगड नाहीत."

"काय?"

"मी घेतले. नमुना म्हणून. तिन्ही."

 मग अंधारात पहार उचलल्याचा आवाज आला. हेर्लेकरांनी डोळे मिटून घेतले. वाटलं, घाल बाबा, माझी चूकच आहे. पहार बाजूला आपटली.

"तिन्ही?" आकारामचा आवाज फाटला होता. "बाचा बी? आरं मानसा, इचारायचं तरी! एक शबूद इचारायचा!" तो हुंदके देत होता. "म्हणून हलगी वाजली. कोनाडा मोकळा बघितला आयेनं. तिला वाटलं, बा सुटला."

बाहेर पावलं वाजली. फटीत दिव्याचा उजेड हलला.

"आये!" आकाराम तोंड लावून ओरडला. "आये, मी आकाराम! आत हाय मी!"

पावलं थबकली. म्हातारीचा कापरा आवाज आला, "आरं मुडद्यांनो, माझ्या लेकाचा आवाज काढताय व्हय? लेक बिद्रीला हाय माझा." आणि ती देवाचं नाव घेत घाईघाईनं निघाली.

"आये गं! जाऊ नगंस!"

उजेड लांब जायला लागला. हेर्लेकर उठले. त्यांच्या हातात दोन गोटे होते. इथं सगळीकडे जांभा, तो ठोकला तर भद्द वाजतो. काळा पत्थर तसा वाजत नाही, वर्गात हे त्यांनी शंभरदा सांगितलं होतं. त्यांनी फटीशी हात नेले आणि गोट्यावर गोटा आपटला.

टण्ण. टण्ण.

उजेड थांबला.

टण्ण. टण्ण. टण्ण. हेर्लेकर रडत होते आणि आपटत होते. कपची उडून गालाला लागली तरी त्यांचे हात थांबले नाहीत. पावलं परत आली, अगदी फटीजवळ.

"मेलेल्याकडं दगूड नसतो," म्हातारी स्वतःशीच म्हणाली. मग ओरडली, "किती हाईसा?"

"दोघं, आये! मी आन् कॉलेजचं सर!"

तिनं विश्वास ठेवला नाही. फटीतून बोटं आत घातली. "दगूड दे." हेर्लेकरांनी एकेक करून तिन्ही दिले.  मग विठाबाईनं अशी बोंब मारली की खालच्या वाडीत दिवे हलले.

वाडीतले पाचसहा गडी धावत आले. वरून एकेक चिरा काढत त्यांनी दोघांना ओढून बाहेर घेतलं. अंधार पडायला लागला होता. हेर्लेकर गवतावर आडवे झाले आणि हावऱ्यासारखी हवा प्यायला लागले. जगलो! श्यामला, जगलो गं!

आकारामनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो तसाच गोठला. "आये," तो म्हणाला, "तुझ्या बांगड्या?"

तेव्हा हेर्लेकरांनी बघितलं. विठाबाई कोनाड्याखाली मांडी घालून बसली होती, दिवा शेजारी. दोन्ही मनगटं उघडी, त्यांवर काचेचे ताजे ओरखडे. कपाळ पुसलेलं होतं, एवढ्या वर्षांचा कुंकवाचा डाग तेवढा फिकट उरलेला. मांडीवर तीन गोटे होते.

"दुपारी कोनाडा मोकळा दिसला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हेर्लेकरांना सोसला असता. "म्हटलं, दगूड उचलून सुटलं धनी. एवढी वर्सं अडकून पडलं हुतं, आमावशेला सुटलं. हलगी लावली. हितंच बांगड्या फोडल्या. घरला जाऊन गोडाचं केलं."

तिनं एक गोटा आकारामला दिला. दुसरा हेर्लेकरांच्या हातावर ठेवला. "ह्यो तुजा. जाताना नदीत सोड."

तिसऱ्या, नवऱ्याच्या गोट्यावर हेर्लेकरांची चिठ्ठी अजून होती, शाईनं लिहिलेली, नमुना क्रमांक एक. ती तिनं नखानं खरवडून काढली. गोटा पदरानं पुसला. कोनाड्याकडं हात नेला आणि तो तसाच अधांतरी राहिला.

"मास्तर," तिनं विचारलं, "तू शिकलेला हाईस. सांग की. ह्यो परत ठेवू का? आन् ठेवला, तर उद्या बांगड्या भरू का नको?"

हेर्लेकरांनी तोंड उघडलं. सगळा डोंगर कसा घडला ते त्यांना सांगता आलं असतं.  पण ते तिच्यासमोर मान खाली घालून बसून राहिले, आणि म्हातारी गोटा हातात धरून वाट बघत राहिली.