पंच्याला पडलेली भोकं

खुर्शिदा घरी, भोरला, एसटीतून उतरली ती डोक्यात एका पट्टीचं कोडं घेऊनच. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती सुती कापडावर एका रसायनाचं कलम बांधत होती. पट्टी रसायनात बुडवून गॅमा किरणांपुढे ठेवायची. किरणांनी धागा जागोजाग जागा होतो आणि रसायनाचे कण त्याला चिकटून वाढत जातात. धुऊन वाळवलेल्या पट्टीचं वजन जितकं वाढलं, तितकं कलम धरलं. नव्या कापडात खळ असते, म्हणून तिनं अब्बांचा जुना, मऊ पंचा अर्धा फाडून नेला होता. त्याच्या सगळ्या पट्ट्यांचं वजन थोडंथोडं वाढलं. निळ्या किनारीची एकच पट्टी मात्र इतरांच्या दुप्पट वाढली!

"तोलताना चुकलं असेल. ती पट्टी वगळा," प्रयोगशाळेतले तिचे सर म्हणाले. खुर्शिदाला ते फार लागलं. तिनं पुन्हापुन्हा तोलून पाहिलं होतं. कारण सापडलं नाही तर पट्टी केरात जाणार, आणि यापुढे तिच्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

"अम्मी, त्या पंच्याचा उरलेला तुकडा कुठंय?" चपला काढतानाच तिनं विचारलं.

"धुतला आन् चाळण झाली त्याची," अजीजुन्निसा करवादली. "इचार तुझ्या अब्बांना."

अब्बा, म्हणजे शब्बीर, स्टँडजवळच्या दुकानात गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचे. ते खाली मान घालून म्हणाले, "तू पंचा न्यायच्या आदी वेल्ह्याच्या जीपची बॅटरी उचलली व्हती. तवा ॲसिड सांडलं असंल. वाळल्यावर डाग काय दिसंना. तुजं काम नासलं का गं?"

खुर्शिदानं तुकडा उजेडात धरला. बाकी कापड धड होतं. भोकं होती ती फाडलेल्या कडेला, निळ्या किनारीलगत. ती जड पट्टी नेमकी याच्या शेजारची! म्हणजे ॲसिड तिच्यातही मुरलेलं असणार. तिला इतका आनंद झाला की चहा तसाच ठेवून ती परतीच्या गाडीची वेळ विचारायला धावली.

मुंबईत तिनं दोन नळ्या भरल्या. रसायन तेच, कापड तेच. फक्त एकीत थोडं सल्फ्युरिक ॲसिड घातलं. किरणांतून काढल्यावर पट्ट्या सरांनी स्वतः तोलल्या. ॲसिडवाली जड भरली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा तोलली.

"वगळायची का, सर?" खुर्शिदानं साळसूदपणे विचारलं. सर हसले आणि आणखी नळ्या भरायला सांगून गेले.

पुढच्या खेपेला ती घरी न जाता आधी दुकानातच गेली. "अब्बा, नासलं न्हाई. तुमच्या ॲसिडनंच कलम जास्त धरलं."

शब्बीरनी हातातली बॅटरी खाली ठेवली. कितीतरी दिवस ती गोष्ट त्यांच्या मनाला खात होती. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पर ॲसिड तर कापड खातंय. मग त्येच कलम धरायला मदत कशी करतंय?"

"मला तरी अजून न्हाई कळलं."

"मंग बस हितं. पयल्यापासनं सांग," ते म्हणाले, आणि ॲसिडचे हात नव्या पंच्याला पुसून त्यांनी तिच्यासाठी स्टूल ओढलं.